बारदानासकट मोजलेली बुद्धी

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : शाळांतील प्रज्ञावंत मुलांच्या विशेष वर्गाची निवड आणि नकारानंतर दाद मागण्याची सोय.

महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात आम्ही राहतो. माझी धाकटी मुलगी यंदा गावच्या सरकारी मराठी शाळेतून चौथी पास झाली. शहरातील एका अनुदानित शाळेत तिला पाचवीत प्रवेश मिळाला. मात्र त्याच शाळेत प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी जो विशेष वर्ग चालतो, त्याच्या निवडयादीत तिचे नाव आले नाही. यादी लागली त्या संध्याकाळी ती रडली, रात्री जेवली आणि दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन मैत्रिणीकडे गेली. त्यामुळे घरावर काही आभाळ कोसळले, असे मी म्हणणार नाही. मात्र त्यानंतरच्या दोन महिन्यांत दाद मागण्यासाठी जी धावपळ करावी लागली, तीत जे समजले ते इतर पालकांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. शाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मुलगी तिथेच शिकणार आहे आणि हा प्रकार एकट्या त्या शाळेचा असेल असेही मला वाटत नाही.

शाळेच्या कार्यालयात पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा “काय ओ बाई, लिस्ट लागली म्हणजे लागली की” एवढेच उत्तर मिळाले. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्यांच्याजवळ खरोखरच दुसरे उत्तर नव्हते. किती गुणांवर यादी थांबली हे फलकावर लिहिलेले नव्हते, हरकत घेण्यासाठी अर्जाचा नमुना नव्हता, मुदत नव्हती, आणि अर्ज आलाच तर तो कोणी वाचायचा हेही ठरलेले नव्हते. दहावीच्या परीक्षेत आपले राज्य मंडळ उत्तरपत्रिकेची प्रत देते, गुणांची फेरमोजणी आणि फेरमूल्यमापन करून देते, आणि त्याच्या तारखा निकालाबरोबरच जाहीर होतात. दहा वर्षांच्या मुलाला ‘तू या वर्गातला नाहीस’ असे सांगणाऱ्या परीक्षेत यांतले काहीच नसावे, याचे आश्चर्य वाटले.

मग मी अर्ज लिहिला, आणि तो वाईट लिहिला. दोन पानांच्या त्या अर्जात मुलगी किती हुशार आहे, तिचे अक्षर किती वळणदार आहे, वक्तृत्व स्पर्धेत तिने कोणते बक्षीस मिळवले, हे सगळे होते आणि मागे सात प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या होत्या. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. अर्ज देण्यापूर्वी तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पाने वाचली आणि म्हणाले, “बाई, हे सगळं खरं असेल, पण ह्यात परीक्षेबद्दल एक अक्षर नाही बघा.” त्यांचे म्हणणे असे की, आपले मूल हुशार आहे हे प्रत्येक आईचे म्हणणे असते, त्यावर शाळा काय उत्तर देणार? विचारायचे ते परीक्षेबद्दल विचारावे, म्हणजे उत्तर देणे भाग पडते.

दुसरा अर्ज गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे अर्ध्या पानात बसला. चाचणीत एकूण गुण किती, मुलीला किती मिळाले आणि यादीतील शेवटच्या मुलाला किती. प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत होती आणि सूचना कोणत्या भाषेत सांगितल्या. चाचणी कोणी तयार केलेली आहे आणि ती मराठी माध्यमाच्या मुलांवर पूर्वी कधी वापरून पाहिली होती काय. एका चाचणीखेरीज शिक्षकांचे मत किंवा मुलाचे वर्षभराचे काम पाहिले गेले काय. आणि उत्तरपत्रिका आम्हाला पाहता येईल काय, एवढेच त्यात विचारले. शेवटच्या प्रश्नाला आधार होता. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेला आहे, आणि भरीव शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थांनाही २००५ चा तो कायदा लागू होतो. कर्नाटकात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो आणि त्याचे शुल्क दहा रुपये आहे, हेही गुरुजींनीच सांगितले. (दीडशे शब्दांत लिहायची सवय आधी असती तर पहिला अर्ज वाया गेला नसता. हे पत्र मात्र त्या मर्यादेत बसले नाही, याबद्दल क्षमा असावी.) प्रत्यक्षात माहिती अधिकारापर्यंत जावे लागले नाही. दहाव्या दिवशी शाळेने आम्हाला बोलावले आणि मुख्याध्यापकांनी स्वतः समोर बसून उत्तरपत्रिका दाखवली. त्यांच्या या सौजन्याची नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते.

मुलीला यादीतील शेवटच्या मुलापेक्षा दोन गुण कमी होते. प्रश्नपत्रिका इंग्रजीत होती आणि सूचना इंग्रजी व कन्नडमध्ये सांगितल्या गेल्या होत्या. चुकलेल्या प्रश्नांतील पुष्कळसे सरळ चुकलेले होते, त्याबद्दल काही म्हणायचे नाही. दोन प्रश्नांपाशी मात्र मी थांबले.

पहिल्या प्रश्नात १०, २०, ३५, ४०, २३ असे आकडे होते आणि त्यांतील ‘ऑड वन’, म्हणजे गटात न बसणारा आकडा, ओळखून त्याभोवती गोल करायचा होता. उत्तर २३, कारण बाकीच्यांना पाचाने भाग जातो. माझ्या मुलीने ३५ आणि २३ या दोन्हींभोवती गोल केले होते. ‘ऑड’ म्हणजे विषम आणि ‘ईव्हन’ म्हणजे सम, हे गणिताच्या बाईंनी तिला शिकवले होते, आणि तिला ठाऊक असलेला त्या शब्दाचा तेवढाच अर्थ होता. त्या अर्थाने तिचे उत्तर पूर्ण बरोबर होते. गुण मिळाला शून्य.

दुसऱ्या प्रश्नात गाजर, मुळा, रताळे आणि बटाटा यांची चित्रे होती आणि गटात न बसणारे चित्र निवडायचे होते. अपेक्षित उत्तर बटाटा, कारण तो खोड आहे आणि बाकीची मुळे. मुलीने रताळ्यावर खूण केली होती. घरी आल्यावर कारण विचारले तर म्हणाली, “आई, रताळं वेल लावून येतंय की. बाकीचं कुठलं वेल लावून येतंय?” आमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडावर सरी सोडून रताळ्याच्या वेली लावण्याचे काम घरोघर चालते, तेव्हा शाळेतून आलेली मुले वेलींचे तुकडे हातात देण्याच्या कामाला असतात. तिने जे पाहिले त्यावरून तिने गट केला, आणि तो गट करण्यासाठी जी बुद्धी लागते, तीच तर त्या प्रश्नाला मोजायची होती.

आता मी येथे असा दावा करत नाही की हे दोन गुण तिला देऊन तिचे नाव यादीत चढवावे. तसे केले तर याच दोन प्रश्नांत ज्या इतर मुलांनी तिच्यासारखीच उत्तरे लिहिली असतील, त्यांनाही गुण द्यावे लागतील, आणि मग कदाचित ती पूर्वीच्याच जागी राहील. मला त्यातून एवढेच कळले की त्या कागदावरचा आकडा तिच्या बुद्धीचा एकटीचा नाही. आमच्याकडचे शेतकरी रताळ्याची पोती बेळगावच्या मार्केट यार्डात नेतात, तिथे वजन करताना बारदानाचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, वजन वजा करतात. ते वजा न करणाऱ्या अडत्याकडे दुसऱ्या खेपेला कोणी जात नाही. परक्या भाषेत घेतलेल्या चाचणीत भाषेचे बारदान मुलाच्या गुणांवर बसलेले असते. येथे ते उलटे बसते, म्हणजे वजन वाढवण्याऐवजी कमी करते, आणि ते किती आहे हे कोणी मोजतच नाही.

चाचणीच्या शास्त्रात हा विचार नवा नाही. बुद्धिमापनाच्या प्रचलित मापनश्रेणीत सरासरी १०० धरतात आणि साधारण १३० च्या वर असणारी, म्हणजे शंभरात दोनएक मुले, ‘असामान्य’ गटात मोजली जातात. पण एकेका मुलाला समोर बसवून घेतलेल्या चांगल्या चाचणीतसुद्धा पाच-सहा गुणांचा फरक मापनातली चूक म्हणून गृहीत धरावा लागतो. तेच मूल दुसऱ्या दिवशी बसले तर १२७ चे १३१ होऊ शकतात. साठ मुलांना एका दालनात बसवून घेतलेल्या लेखी चाचणीत हा फरक आणखी मोठा असणार हे उघड आहे. असे असताना काठावरच्या मुलांसाठी दुसरी संधी न ठेवणे म्हणजे काट्याला जेवढे दिसते त्याहून अधिक बारीक वजन त्याच्याकडून काढून घेणे होय. मुळात १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ही पद्धत बसवली ती शाळेत मागे पडणाऱ्या, जास्त मदतीची गरज असणाऱ्या मुलांना ओळखण्यासाठी. कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवण्याचे काम तिच्याकडे नंतर आले.

आणि या बाबतीत आपल्या भागाला तर अभिमानाने सांगावे असे काही आहे. बिने यांच्या चाचणीचे भारतीय मुलांसाठी जे पहिल्या काही रूपांतरांपैकी एक रूपांतर झाले, ते व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडच्या मुलांवर केले. बिने-कामत चाचणी या नावाने मानसशास्त्राचे विद्यार्थी ती आजही ओळखतात. तेव्हा धारवाड आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते, वर्गांत कन्नड आणि मराठी अशी दोन्ही भाषा बोलणारी मुले असत, आणि कामतांनी चाचणी कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत तयार केली. मुलाची बुद्धी मोजायची तर त्याच्या भाषेत मोजावी लागते, ही गोष्ट त्यांना सुमारे नव्वद वर्षांपूर्वी सांगावी लागली नाही. आज त्याच मुलखात, धारवाडपासून दोन तासांच्या अंतरावर, मला ती अर्ज करून सांगावी लागली.

भाषेचे बारदान कमी करण्याचे मार्गही उपलब्ध आहेत. केवळ आकृत्यांवर आधारलेल्या, एकही शब्द वाचावा न लागणाऱ्या चाचण्या १९३० च्या दशकापासून वापरात आहेत. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड परीक्षेत शंभरपैकी पन्नास गुण अशा आकृत्यांच्या मानसिक क्षमता चाचणीला आहेत, पंचवीस अंकगणिताला आणि पंचवीस भाषेला. परीक्षेची भाषा अर्ज भरतानाच निवडायची असते आणि मराठी ही त्या परीक्षेच्या भाषांपैकी एक आहे. आमच्या जिल्ह्याचे नवोदय चिकोडी भागात कोथळी येथे आहे, तेव्हा ही परीक्षा येथील शाळांना अनोळखी नाही. त्या परीक्षेत फेरतपासणीची सोय नाही, हे मला मान्य आहे. पण मूल कोणत्या भाषेत बसणार हे तरी आधी ठरलेले असते, आणि तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाचा एक जिल्हा आहे. तेथील शाळांनी २००५ मध्ये दुसरीतील सगळ्याच मुलांना शब्दविरहित चाचणी द्यायला सुरुवात केली. त्याआधी पालक किंवा शिक्षक सुचवतील तीच मुले पुढे पाठवली जात. सगळ्यांची चाचणी सुरू झाल्यावर विशेष वर्गांत गरीब आणि अल्पसंख्य घरांतील मुलांची संख्या बरीच वाढली. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या आणि गरीब घरांतील मुलांसाठी तेथे पात्रतेची रेषा १३० ऐवजी ११६ धरली जात असे. म्हणजे त्यांनी बारदान वजा करण्याचा एक आकडा ठरवला होता. तो आकडा बरोबर की चूक यावर वाद होऊ शकेल, पण बारदान असते हे त्यांनी कागदावर मान्य केले होते.

दाद मागण्याची सोय केली तर वशिल्याचे दार उघडेल, असा एक आक्षेप मुख्याध्यापकांनी बोलण्याच्या ओघात घेतला, आणि तो खोटा आहे असे मला म्हणता येत नाही. मी स्वतः सहकारी पतसंस्थेत नोकरी करते, मला अर्ज लिहिता येतो, रजा टाकून शाळेत खेटे घालता येतात, आणि गल्लीत गुरुजी आहेत. माझ्या मुलीबरोबर त्याच चाचणीला बसलेल्या एका मुलीचे आईवडील वीटभट्टीवर कामाला आहेत. त्यांनी अर्ज केला नाही आणि ते करणारही नव्हते. तेव्हा नुसते ‘ज्यांना वाटेल त्यांनी अर्ज करावा’ एवढ्यावर सोडले तर माझ्यासारख्यांचीच मुले आत जातील, हे मी माझ्याविरुद्ध सांगते आहे. यावर उपाय म्हणून दारच बंद ठेवणे मला पटत नाही. काठावरच्या काही गुणांच्या आत राहिलेल्या प्रत्येक मुलाला, पालकाने मागणी केलेली असो वा नसो, शाळेनेच बोलावून आकृत्यांची दुसरी चाचणी त्याच्या भाषेत समजावून द्यावी. ज्या पालकांना त्यानंतरही हरकत असेल त्यांच्यासाठी एक पानाचा छापील अर्ज असावा, आणि त्याला शिफारसपत्र, प्रमाणपत्र काहीही जोडता येऊ नये. माझ्या त्या सात झेरॉक्स प्रतींची तीच योग्यता होती.

सीमाभागात भाषेबद्दल काहीही लिहिले की त्याचा अर्थ लगेच एकाच बाजूने लावला जातो, म्हणून थोडे स्पष्ट करते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चाललेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल. माझ्या मुलीचे पाचवीचे वर्ष त्यासाठी थांबणार नाही. आणि येथे ज्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेबद्दल मी तक्रार करत आहे, ती शेजारच्या गावातील सरकारी कन्नड शाळेतून आलेल्या मुलांनाही तितकीच जड गेली असणार. त्यांना फक्त तोंडी सूचना कळल्या एवढाच फरक. महाराष्ट्रात जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड शाळा आहेत, तेथील मुलांना केवळ मराठीत किंवा इंग्रजीत अशी चाचणी दिली जात असेल तर तेथील आईचे पत्रही शब्दशः असेच असेल. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे राज्यघटनेचे ३५० अ हे कलम सांगते. कलमात शिक्षणाचा उल्लेख आहे, निवड चाचणीचा नाही, हे खरे. पण चौथीपर्यंत सरकारनेच मराठीतून शिकवायचे आणि पाचवीच्या दारात त्या शिक्षणाची किंमत शून्य धरायची, हे त्या कलमाच्या हेतूला धरून आहे असे कोणाला म्हणता येईल? शाळेत प्रवेश देताना मुलांची चाळणी करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने मनाई आहे. प्रवेश दिल्यानंतर शाळेच्या आत वेगळा वर्ग करण्यासाठी केलेल्या चाळणीचा त्यात उल्लेख नाही, आणि म्हणून या वर्गांवर कोणाचीच नजर नाही. बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांच्या उपसंचालकांनी आपल्या हद्दीतील अनुदानित शाळांकडून अशा वर्गांच्या निवडीची पद्धत, भाषा आणि हरकतीची मुदत लेखी मागवून घेतली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

आमच्या अर्जाचे पुढे असे झाले की, रताळ्याच्या प्रश्नावर विचार करू असे मुख्याध्यापकांनी सांगितले, ‘ऑड’च्या प्रश्नावर ते हसले आणि मग गप्प बसले. लेखी उत्तर अजून आलेले नाही. विशेष वर्ग सुरू झालेला आहे आणि मुलगी शेजारच्या साध्या वर्गात बसते.

शेवटी एक विनंती थेट आपल्याला. पुढील वर्षाच्या अशा निवड चाचण्यांच्या जाहिराती जानेवारी-फेब्रुवारीपासून आपल्या दैनिकात येऊ लागतील. त्यांत शाळेच्या इमारतीचे छायाचित्र, मागील यशाचे आकडे आणि फोन क्रमांक असतात. जाहिरात स्वीकारताना आपण शाळेकडे आणखी दोन ओळी मागाव्यात : चाचणी कोणत्या भाषांत देता येईल, आणि निकालानंतर हरकत किती दिवसांत व कोणाकडे घेता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक पालक, बेळगाव तालुका
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे, तो कृपया छापू नये.)